‘दोन आठवड्यांनी दाखवा’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सप्टेंबर म्हणजे आमचा पोषण माह. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात मी एकोणीस वर्षांपासून अंगणवाडी सेविका आहे. यंदाही रांगोळी काढली, रानभाज्या मांडल्या, फोटो पाठवले. आणि घरी येऊन माझ्या सतरा वर्षांच्या मुलीच्या ताटासमोर बसले. अर्धी भाकर अन् वाटीभर वरण संपायला पाऊण तास लागला.

तिला ॲनोरेक्सिया नर्व्होसा आहे, म्हणजे वजन वाढेल या भीतीनं खाणंच तोडायला लावणारा मनाचा आजार. गावात या आजाराला नाव नाही. ‘पोट्टी काहून वाळून राहिली वो?’, ‘नजर लागली असन, उतरून टाका’ हे वर्षभर ऐकलं, आणि खोटं कशाला सांगू, मीही नजर उतरवली. दंडघेर ११.५ सेंटीमीटरच्या खाली गेलेलं, म्हणजे तीव्र कुपोषित लेकरू मी पट्टी न लावता ओळखते. घरातली पोर सैल ओढणीखाली दिसली नाही. ती सोमवार धरी, गुरुवार धरी, चतुर्थी धरी आणि आम्ही चारचौघांत तिचं कौतुक करत होतो. जूनमध्ये कॉलेजात चक्कर येऊन पडली तेव्हा नागपूर गाठलं.

तिथल्या एका खासगी रुग्णालयात पाच आठवडे ठेवलं. कापसाचे उरलेले पैसे त्यात गेले. वजनाचे आकडे मुद्दामच लिहीत नाही. असा आकडा वाचला की एखादी पोरगी त्याच्याशी स्पर्धा लावते, हे तिथल्या मुलींकडूनच कळलं. पहिले काही दिवस जेवण इतकं थोडं देत की मला राग यायचा. डॉक्टर म्हणाले, उपाशी देहाला एकदम भरपूर दिलं तर रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम घसरतं, हृदयावर बेततं. मग डोक्यात उजेड पडला. पोषण पुनर्वसन केंद्रात तीव्र कुपोषित लेकराला आधी एफ-७५ हे हलकं दूध आणि नंतर एफ-१०० हे जास्त ताकदीचं देतात, ते याचसाठी!

दिवसातून सहा वेळा खाणं, दर वेळी शेजारी सिस्टर. जेवण झाल्यावर तासभर बाथरूमला एकटीला सोडत नसत. वजन करताना काट्याकडे पाठ करून उभं करत, आकडा तिला सांगत नसत. आणि मग एका सकाळी सुट्टी. कागदावर औषधं, आहाराचा तक्ता आणि शेवटी ‘दोन आठवड्यांनी दाखवा’. तक्त्यात ओट्स, पनीर, पीनट बटर. (शेंगदाण्याची चटणी चालेल का, एवढं विचारायला केलेला फोन तिसऱ्या दिवशी लागला. चालते.)

सकाळपर्यंत तिच्यामागे अख्खा वॉर्ड होता. संध्याकाळी एसटीतून उतरली तेव्हा तिची आजी. तिचे बाबा वावरात, मी अंगणवाडीत.

तिथल्या समुपदेशक ताईंनी सांगितलं होतं की मध्ये पायऱ्या हव्यात. आधी दिवसभर केंद्रात राहून रात्री घरी, मग आठवड्यातले तीन दिवस काही तास, मग आठवड्यातून एकदा. परदेशात अशी सोय बऱ्याच ठिकाणी आहे. सुट्टीनंतरच्या पहिल्या वर्षातच हा आजार उलटायची भीती सगळ्यात जास्त असते म्हणे. ‘म्हणे’ कशाला, आम्ही पाहिलं. महालक्ष्म्यांच्या जेवणाला एक नातेवाईक बाई मायेनंच बोलल्या, ‘आता कशी अंगानं भरली!’ पोरीनं हातातली पुरणपोळी खाली ठेवली, ती दोन दिवस कशालाच हात लावेना.

तिसऱ्या दिवशी तालुक्याच्या रुग्णालयात नेलं. तिथल्या ताई चांगल्या, पण नागपूरहून त्यांना ना कागद ना फोन. त्यांनी सगळ्यांसमोर वजन केलं, आकडा मोठ्यानं वाचला आणि रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. पोटॅशियमची तपासणी इथे होत नाही म्हणाल्या. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन केला, त्यांनी धीरानं ऐकून घेतलं. पण ताटासमोर बसायला फोन कसा येणार?

कुपोषित लेकराला आम्ही असं सोडत नाही. वर पोषण पुनर्वसन केंद्र, मध्ये बाल उपचार केंद्र, खाली गावात ग्राम बालविकास केंद्र. वरून उतरलेल्या लेकराला खालची पायरी झेलते. कोणाच्या घरी कधी जाऊन वजन घ्यायचं, हे माझ्या वहीत असतं. ही शिडी लहान लेकरांपुरतीच आहे. सतराव्या वर्षी उपाशी राहणारी पोर कोणाच्याच वहीत नाही.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ चं कलम ९८ सांगतं की सुट्टी देताना पुढचे उपचार काय, हे रुग्णाशी, घरच्यांशी आणि पुढे ज्यांच्याकडे उपचार होणार त्या डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. आमच्या वेळी हे कोणी केलं नाही. माझं मागणं मोठ्या इमारतीचं नाहीच. नागपूर सोडताना तालुक्याच्या डॉक्टरांच्या नावानं मराठीत एक पत्र मिळावं. आठवड्यातून एकदा आडोशाला वजन आणि रक्ततपासणी व्हावी. आणि जिल्ह्याच्या ठिकाणी एक खोली असावी, जिथे अशी मुलं दिवसातली दोन जेवणं जाणत्या माणसासोबत जेवतील. आत्ता दर पंधरा दिवसांनी आम्ही दोघी अर्ध्या तिकिटात नागपूरला जातो. एका बाजूनं पाच तास. त्या प्रवासातच तिचं एक जेवण बुडतं.

आता नवरात्र येतंय. गावातल्या बाया विचारतात, पोरगी नऊ दिवस धरणार का? यंदा आमच्या घरात कोणीच धरणार नाही. सासूबाईंनी चाळीस वर्षांचा उपवास सोडायचं ठरवलंय, नातीसोबत दोन्ही वेळा जेवणार आहेत. मी म्हटलं, आई, तुम्हाला चालेल? तर म्हणाल्या, ‘देवीले मी सांगतो काय सांगाचं ते. तू भाकरी टाक.’

आपली,
एक अंगणवाडी सेविका, जि. यवतमाळ
(मुलीसाठी नाव छापू नये, ही विनंती.)