शिकाऊ उमेदवारांच्या परीक्षेची आधी परीक्षा घ्या: कौशल्य विकासमंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री,
कौशल्य विकास व उद्योजकता, भारत सरकार

सविनय नमस्कार.

किती शिकाऊ उमेदवार नेमले, किती विद्यावेतन वाटले, याचे आकडे आपल्या टेबलावर येतच असतील. ज्या परीक्षेच्या जोरावर प्रमाणपत्र मिळते ती परीक्षा कितपत भरवशाची, याचा कागदही तिथे यायला हवा. 2014च्या दुरुस्तीने 1961च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमात वैकल्पिक व्यवसाय, म्हणजे मालकाने स्वतः ठरवलेले व्यवसाय, आले, म्हणजे परीक्षांच्या तऱ्हाही वाढल्या. आम्ही निदेशक, म्हणजे या उमेदवारांना शिकवणारे, आणि परीक्षक म्हणून लिहीत आहोत.

फिटरचा मेल-फिमेल फिटिंगचा जॉब, म्हणजे एक तुकडा दुसऱ्याच्या खाचेत नेमका बसवण्याचे परीक्षेतले काम, घ्या. मापाला सूट ±0.04 मिमी आणि तपासायला 0.02 मिमी लीस्ट काउंटचा, म्हणजे कमीत कमी तेवढे मोजणारा, व्हर्नियर. एका परीक्षकाने 20.04 वाचले, जॉब बसला. दुसऱ्याने जबडे जरा सैल धरले, 20.06 वाचले, गुण गेले. जॉब तोच! एकूण सुटीच्या साधारण दहाव्या भागापर्यंत मोजणारे साधन हवे, हा कार्यशाळेतला जुना नियम. इथे एकूण सूट 0.08 मिमी, म्हणजे बाहेरच्या मापाला निदान 0.01 मिमीचा मायक्रोमीटर आणि खाचेला स्लिप गेज, म्हणजे नेमक्या जाडीचे पोलादी ठोकळे. साधन कोणते, त्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे अचूकतेची तपासणी, कधी झाले, हे गुणपत्रकावरच छापलेले असावे. शिवाय दोन परीक्षकांनी एकमेकांचे गुण न पाहता काही जॉब तपासावेत. फरक ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला, तर आधी गुणपत्रकाची भाषा तपासावी, परीक्षकांना मागाहून बोल लावावा.

कारण भाषा फार ढिली असते. ‘सुरक्षितता’ एवढाच रकाना ठेवला की सगळ्यांना पूर्ण गुण मिळतात. त्याऐवजी ‘बिनमुठीची कानस वापरली नाही’, ‘ड्रिलिंगच्या वेळी चष्मा घातला, हातमोजे काढले’ असे लिहिले, की होय किंवा नाही एवढेच उरते. या गोष्टी तयार जॉबवर दिसत नाहीत. त्या काम चालू असतानाच पाहाव्या लागतात, म्हणून एका परीक्षकाकडे किती उमेदवार, याला मर्यादा हवी.

जॉब परीक्षेला देण्यापूर्वी कोणीतरी करून पाहावा, ही अपेक्षा फार नाही. ड्रॉइंगवर 50 मिमी आणि कच्चा मालही 50चाच आला, तर फायलिंगला, म्हणजे कानशीने घासायला, उरले काय? एखादे माप ड्रॉइंगवर राहून गेलेले असते, तेही करताना पहिल्या तासातच उघडे पडते. चाचणी निदेशकाने एकट्याने करू नये. अनुभवी हाताला लागलेल्या वेळेवरून उमेदवाराची वेळ ठरली की चांगली मुलेही अर्ध्यावर राहतात. दोन मध्यम तयारीचे प्रशिक्षणार्थी सोबत बसवावेत.

लेखी परीक्षेत काम त्याहून सोपे आहे, कारण उत्तरे संगणकावर असली की हिशेब आपोआप निघतो. वरच्या 27 टक्के आणि खालच्या 27 टक्के उमेदवारांनी प्रत्येक प्रश्नाला किती बरोबर उत्तरे दिली, ते शेजारी ठेवावे. एखादा प्रश्न खालच्या गटाला जास्त सुटला, तर बहुधा उत्तरसूची चुकली आहे किंवा भाषांतर गोंधळले आहे. असे प्रश्न निकालापूर्वी वगळावेत. निकालानंतर वगळले की पुनर्मूल्यांकनाचे अर्ज, मग वकील.

सुधारणा म्हणजे सध्या बहुधा आकडे बदललेला नवा प्रश्नसंच. खरी सुधारणा कामाच्या यादीपासून सुरू व्हावी. आस्थापनेत उमेदवार प्रत्यक्ष काय करतो, त्यातले काय चुकले तर माणूस किंवा यंत्र जखमी होते, काय रोज लागते, त्यावर गुणांचा भार ठरावा. उमेदवारांच्या रोजच्या कामाच्या नोंदवह्यांमध्ये, म्हणजे लॉगबुकांमध्ये, ही माहिती पडूनच आहे. नवा संच काढताना साधारण पंचमांश प्रश्न जुनेच ठेवावेत, म्हणजे यंदाचा निकाल घसरला तो मुलांमुळे की पेपरमुळे, हे सांगता येते.

आमचे मागणे एवढेच: प्रत्येक व्यवसायाच्या परीक्षेला आवृत्ती क्रमांक, चाचणीचा अहवाल आणि निकालानंतर प्रश्नवार तक्ता राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषदेने सक्तीचा करावा, आणि तो निदेशकांना पाहता यावा. सुरुवात फिटर, वेल्डर आणि इलेक्ट्रिशियन या तीन व्यवसायांपासून करता येईल.

आपले,
शिकाऊ उमेदवारांचे काही निदेशक व परीक्षक