'गहाळ' नाही साहेब, 'चोरी' लिहा

प्रति,
मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

महोदय,
सविनय नमस्कार.

मी छत्रपती संभाजीनगरात खाणावळ चालवते. दोन्ही वेळचे मिळून पंचेचाळीस डबे. जेवणारी पोरं बहुतेक बीड, परभणी, हिंगोली, जालन्याकडची. कुणी स्पर्धा परीक्षेची तयारी करतंय, कुणी वकिलीला आहे, पाच-सहा जण पोलीस भरतीसाठी रोज पहाटे पळतात. शहरात चोऱ्या वाढल्या, मंगळसूत्रं ओढली जातात, रात्री बाई एकटी फिरू शकत नाही, अशी पत्रं आपल्याकडे ढिगानं येत असतील. माझं पत्र एका शब्दाबद्दल आहे. तो शब्द 'गहाळ'.

आमच्याकडे नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येतं आणि कधी येईल याचा नेम नसतो. त्या दिवशी पहाटे साडेपाचला आलं. अख्खी गल्ली जागी होती. मी आत टाकी भरत होते आणि सासूबाई दारातल्या पायरीवर पाइप धरून बसल्या होत्या. त्यांचं वय अडुसष्ट. दुचाकीवर दोन पोरं आली. मागचा उतरला आणि कुठल्याशा दवाखान्याचा पत्ता विचारला. सासूबाईंनी वाट दाखवायला हात वर केला, तेवढ्यात त्यानं गळ्यातल्या पोतीला हात घातला. पोत एका हिसक्यात तुटली नाही, त्याला दोनदा ओढावी लागली. मी बाहेर येईपर्यंत गाडी कोपऱ्यावरून वळली होती. पाइप रस्त्यावर पडून पाणी वाहत होतं आणि सासूबाईंच्या डाव्या कानाखालून मानेवर लाल रेघ उठली होती. काळे मणी पायरीवर सांडले होते, काही पाण्याबरोबर गटारीकडं चालले होते. जेवढे सापडले तेवढे मी वेचले. ते अजून एका डबीत आहेत.

११२ ला फोन केला. गाडी आली. अर्ध्या तासानं आली, पण आली, हे मी मान्य करते. त्यांनी ठाण्यात जायला सांगितलं. ठाण्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं तर तिथल्या एखाद्या हवालदाराची बदली होईल आणि माझा विषय तिथंच संपेल. मला कुणाची बदली नको आहे.

ठाण्यात गेलो तेव्हा आठ वाजले होते. ठाणे अंमलदारांनी आधी पावती मागितली. पोत सासूबाईंच्या लग्नातली, पन्नास वर्षांपूर्वीची. तिची पावती कुठून आणायची? मग गाडीचा नंबर विचारला. तो आम्ही पाहिला नव्हता. मग म्हणाले, "आजी, पाणी भरताना कुठं पडली तर नसेल?" सासूबाई म्हणाल्या, "पडली असती तर मान सोलली असती का रे बाबा?" तिथल्या एका महिला शिपायानं स्वतः उठून कापूस आणला, जखम पुसली, चहा पाजला. तिचे उपकार मी विसरणार नाही. पण कागदाचा निर्णय तिच्या हातात नव्हता.

साडेअकराला आमच्यापुढं कागद आला. 'सोन्याची पोत पाणी भरत असताना गहाळ झाली,' असं त्यावर लिहिलं होतं. मी म्हटलं, ओढून नेली. उत्तर मिळालं, "आत्ता एवढं द्या, तपास काय तोच होतो." घरी स्वयंपाक पडला होता, सासूबाईंना चक्कर येत होती. मी सही केली. त्या सहीचा मला आजही त्रास होतो.

संध्याकाळी वकिलीच्या पोरानं तो कागद वाचला आणि समोरचं ताट बाजूला सारलं. म्हणाला, "काकू, हा एफआयआर नाही." त्यानं मला जे समजावलं ते मी नंतर दोघा वकिलांकडून खात्री करून घेतलं, म्हणून इथं लिहिते. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र, म्हणजे पोलिसांना थेट तपास करता येतो अशा गुन्ह्याची माहिती मिळाली की ती नोंदवून घ्यावी लागते, मग गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो. फोनवरून, संगणकावरून कळवली तरी चालते, तीन दिवसांत जाऊन सही करायची. नोंदीची प्रत तक्रारदाराला फुकट द्यायची. नव्या भारतीय न्याय संहितेत हिसकावून नेण्याला कलम ३०४ चा वेगळा गुन्हा केला आहे, आणि हिसकावताना जखम केली तर कलम ३०९ ची जबरी चोरी होते. त्याच्याही आधी, १२ नोव्हेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं ललिताकुमारी खटल्यात सांगून ठेवलं आहे की दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. कायद्यात सगळं आहे, साहेब. आमच्या हातातल्या कागदावर त्यातलं काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडं गेले. त्याच्या कॅमेऱ्यात दोघंही दिसत होते. मागच्याचा चेहरा स्पष्ट होता, गाडीच्या टाकीवर पांढरी पट्टी होती. दुकानदार भला माणूस. म्हणाला, "ताई, पोलिसांचं पत्र आणा, लगेच काढून देतो. पण माझ्या मशीनमध्ये पंधरा दिवसांचंच राहतं, पुढं आपोआप पुसलं जातं." मी ठाण्यात जाऊन सांगितलं. गुन्हाच दाखल नाही तर पत्र कशाच्या आधारावर देणार, असं उत्तर आलं. चार खेपा झाल्या. साहेब राउंडला गेलेत, साहेब बंदोबस्तात आहेत, उद्या या. शेवटी वकिलीच्या पोरानं त्याच कलम १७३ चा आधार घेऊन पोलीस उपायुक्तांना रजिस्टर पोस्टानं अर्ज लिहून दिला. गुन्हा दाखल झाला तो एकोणिसाव्या दिवशी. तपासाचे अंमलदार मेडिकलवर गेले तेव्हा मशीनमध्ये काही उरलं नव्हतं. मी मोबाईलवर त्या पडद्याचं शूटिंग करून ठेवलं होतं, ते दाखवलं. म्हणाले, असं चालत नाही, मूळ फुटेज लागतं.

चोराला पकडणं अवघड असतं, हे मला कळतं. पण हा चोर पहिल्या दिवशी पडद्यावर दिसत होता. तो निसटला तो 'गहाळ' या तीन अक्षरांमुळे.

हे आमच्याच बाबतीत झालं असतं तर मी गप्प बसले असते. पण माझ्या खाणावळीतल्या पोरांना मी विचारलं. गेल्या दोन वर्षांत आठ जणांचे मोबाईल गेलेत. तिघांचे चालत्या रिक्षातून हिसकावले, एकाचा खोलीचं कुलूप तोडून, एकाचा पहाटे पळताना दंडाला बांधलेल्या पट्ट्यातून ओढून. आठही जणांच्या कागदांवर एकच शब्द आहे. एवढ्या पोरांचे मोबाईल आपोआप हरवायला लागलेत काय?

मोबाईल परत मिळाल्याच्या कार्यक्रमांचे फोटो पेपरात येतात. 'गहाळ झालेले मोबाईल मूळ मालकांना परत.' हरवलेले-चोरीचे फोन शोधणाऱ्या केंद्राच्या सीईआयआर पोर्टलमुळे आता फोन सापडायला लागलेत, ही चांगली गोष्ट आहे. आमच्यातल्याही एकाला त्याचा फोन मिळाला, त्यानं पेढे वाटले. पण तो फोन ज्याच्या खिशातून निघाला त्यानं तो कुणाकडून घेतला, त्याला कुणी विकला, हे कुणी विचारलं नाही. विचारणार तरी कशाला? कागदाप्रमाणे तो फोन कुणी चोरलेलाच नव्हता.

हे का होतं, याचा मी बराच विचार केला आहे. ठाण्यातली माणसं वाईट आहेत असं मला वाटत नाही. दर महिन्याला गुन्ह्यांची आढावा बैठक होते. भाग १ ते ५ चे, म्हणजे खून-चोरी-मारहाणीसारखे, किती गुन्हे वाढले, किती उघड झाले, हे निरीक्षकांना विचारलं जातं. आकडा वाढला की बोलणी बसतात. गुन्हा लिहून घेतला की आकडा वाढतो आणि उघड झाला नाही तर टक्का घसरतो. गहाळ लिहिलं की दोन्ही होत नाही. ज्याला महिन्याच्या शेवटी जाब द्यायचा आहे तो सोपा शब्द निवडणारच. मग वर्षाच्या शेवटी शहरात चोऱ्या कमी झाल्याचं सांगितलं जातं, आणि आम्ही बाया सोनं कपाटात ठेवून खोटी पोत घालून लग्नाला जातो.

कागदावर गुन्हा नसला तर गस्त कुठं वाढवायची हे कसं कळणार? आमच्या गल्लीत तीन महिन्यांत चौघींच्या गळ्याला हात घातला गेला. त्यातल्या दोघी ठाण्यात गेल्याच नाहीत, एकीच्या कागदावर गहाळ आहे. वर साहेबांपुढच्या नकाशावर आमच्या गल्लीत गुन्हा एकच. तोही एकोणीस दिवस उशिरा.

लहान तक्रार हलक्यात घेतल्यानं काय होतं ते मराठवाड्यानं जवळून पाहिलं आहे. मस्साजोगला ६ डिसेंबर २०२४ ला पवनचक्की प्रकल्पाच्या जागेवर मारहाण झाली आणि ९ डिसेंबरला सरपंच संतोष देशमुखांची हत्या झाली. मधल्या तीन दिवसांत काय व्हायला हवं होतं, हा प्रश्न आमच्याकडे अजून घराघरात विचारला जातो. नशेचंही तसंच. 'बटन' म्हणून गोळ्या कुठं मिळतात हे शाळेतल्या पोरांना ठाऊक असतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये याच शहरात आणि पैठणला अमली पदार्थांचा अडीचशे कोटींहून जास्तीचा साठा आणि कारखाना सापडला, तो केंद्राच्या महसूल गुप्तचर संचालनालयानं (डीआरआय) आणि अहमदाबादच्या गुन्हे शाखेनं येऊन शोधला. गुजरातच्या पोलिसांना जे लांबून दिसलं ते इथं कुणाला दिसलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं होतं. माझ्या सासूबाईंची पोत ओढणारा पोरगा शूटिंगमध्ये दिसतो. विशी-बाविशीचा असेल. हात थरथरत होते त्याचे. तो कशाच्या नादात आला होता, हे त्याला पकडल्याशिवाय कळणार कसं?

पोलिसांचे हाल आम्हाला दिसत नाहीत असं नाही. भरती झालेली दोन पोरं माझ्याकडं अजून डबा घेतात. गणपती, मोर्चे, मंत्र्यांचे दौरे, निवडणुका, बारा-बारा तास उभं राहायचं आणि मग येऊन तपासाच्या फायली उघडायच्या. कधी कधी त्यांचा डबा रात्री अकरा वाजता तसाच परत येतो. २२ सप्टेंबर २००६ ला प्रकाशसिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना सांगितलं होतं की तपास करणारे पोलीस आणि कायदा-सुव्यवस्था सांभाळणारे पोलीस वेगळे करा. ते नीट झालं असतं तर आमच्या ठाण्यातले साहेब एकोणीस दिवसांतले निम्मे दिवस बंदोबस्तात नसते.

माझी मागणी मोठ्या खर्चाची नाही. आणखी कॅमेरे, आणखी गाड्या नंतर द्या. आधी असा आदेश काढा की तक्रारदार 'हिसकावलं', 'चोरलं' म्हणत असेल तर कागदावर गहाळ हा शब्द येता कामा नये. गेल्या वर्षभरातले गहाळचे कागद प्रत्येक ठाण्यातून मागवा, त्यातले शंभर काढा, त्या लोकांना फोन लावून विचारा की वस्तू हरवली होती की कुणी नेली. एका दिवसात उत्तर मिळेल. आणि आढावा बैठकीत ज्या निरीक्षकाचे गुन्हे वाढलेले दिसतील त्याला उभं करून बोलू नका. त्यानं खरं लिहिलं म्हणून ते वाढले असतील. लिहिलेल्या गुन्ह्याचं त्यानं पुढं काय केलं, ते विचारा. गुन्ह्यांचे आकडे एखादं वर्ष वाढतील, विरोधक आपल्यावर बोलतील. तेवढं आपण सोसा. आम्ही बरंच सोसलं आहे.

कायद्याप्रमाणे तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत तक्रारदाराला कळवायचं असतं. आमचे नव्वद दिवस होऊन गेलेत. पत्र नाही, फोन नाही. सासूबाई आता पाणी भरायला पायरीवर बसत नाहीत. गाडीचा आवाज आला की पदर मानेवर ओढतात. घरात असल्या तरी.

भरतीची तयारी करणारा एक पोरगा आहे. त्याचाच मोबाईल दंडावरून ओढून नेला होता. मैदानी चाचणी चांगली गेली, लेखीही बरी गेली म्हणतो. परवा जेवताना त्यानं मला विचारलं, "काकू, मी उद्या ठाण्यात बसलो, समोर अशीच एखादी आजी आली आणि मोठे साहेब मला म्हणाले की गहाळ लिही, तर मी काय करायचं?"

मला उत्तर देता आलं नाही. त्याचं उत्तर आपण द्यावं. मी ते त्याला वाचून दाखवीन.

आपली विश्वासू,
खाणावळवाल्या काकू
छत्रपती संभाजीनगर