सोनकी ओळखताना फूल उलटून पाहावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘कास पठारावरील सोनकी’ या ओळीसह आलेले छायाचित्र सोनकीचे नसून कॉसमॉसचे आहे. कॉसमॉस मूळची मेक्सिकोकडची. बागांतून सुटून ती आता यवतेश्वर घाटात रस्त्याच्या कडेलाही फुललेली दिसते. तिलाच आपली सोनकी समजून कोणी तिचे बी हौसेने माळावर टाकले, तर अस्सल सह्याद्रीच्या वनस्पतींची जागा ती अडवील, म्हणून हे पत्र.

दोन्ही वनस्पती सूर्यफुलाच्या कुळातल्या, बाजारातल्या अ‍ॅस्टरच्या भाऊबंद. या कुळात आपण ज्याला एक फूल म्हणतो ते अनेक बारीक फुलांचे स्तबक असते. कडेची पाकळीसारखी दिसणारी किरणपुष्पके आणि मधली नळीसारखी बिंबपुष्पके, प्रत्येक स्वतंत्र फूल. त्यामुळे नुसता पिवळा चेहरा पाहून ओळख पटत नाही. स्तबक न तोडता हलकेच उलटावे. सोनकीच्या मागे हिरवी छदे, म्हणजे स्तबकाला खालून वेढणारी बारीक पानांसारखी अंगे, एकाच रांगेत, सारख्या उंचीची, एकमेकांना खेटून उभी असतात. कॉसमॉसला दोन रांगा असतात, बाहेरची अरुंद हिरवी आणि आतली पातळ, पिवळसर. पानेही स्पष्ट सांगतात. सोनकीची अखंड, दातेरी आणि एकाआड एक. कॉसमॉसची समोरासमोर, गाजराच्या पाल्यासारखी चिरलेली.

फुले सरल्यावर तर शंकाच उरत नाही. कॉसमॉसचे बी सुईसारखे लांब असून कपड्यांना चिकटते, तर सोनकीच्या बीला पांढऱ्या मऊ केसांचा झुबका असतो आणि ते वाऱ्यावर उडते. सोनकीचे शास्त्रीय प्रजातिनाम ‘सेनेसिओ’ हे लॅटिनमधल्या ‘म्हातारा’ या अर्थाच्या शब्दावरून आले, ते याच पांढऱ्या केसांमुळे. आपल्याकडची मुलेही रुईच्या उडत्या बीला म्हातारीच म्हणतात, याचे मला फार अप्रूप वाटते.

पश्चिम घाटाचा भाग म्हणून कासला 2012 मध्ये जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला, आणि भाद्रपदात सड्यावर येणारे बहुतेक पाहुणे फुलांची नावे वर्तमानपत्रातूनच शिकून येतात. यापुढे वाचकांकडून रानफुलांची छायाचित्रे मागवताना पानाचे आणि फुलाच्या मागील बाजूचेही छायाचित्र मागवावे, आणि झालेल्या चुकीची दुरुस्ती येत्या पुरवणीत दोन्ही फुलांची चित्रे शेजारी शेजारी देऊन करावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा