तक्रार पत्र: नाडीच्या सुती बटव्याच्या क्रोशे किटमधील चुकीच्या सूचना आणि सदोष साहित्य

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: नवशिक्यांसाठीच्या नाडीच्या सुती बटव्याच्या किटमधील पुस्तिका दुरुस्त करणे, सूत व सुई बदलून देणे आणि आपल्या कार्यालयाकडून आलेले उत्तर मागे घेणे यांबाबत

महोदय,

मी क्रोशेकाम शिकवते. हातात कधीही क्रोशाची सुई न धरलेल्या काही जणींच्या गटासाठी मी आपल्या कंपनीचे वरील किट मागवले होते. वारंवार धुऊन वापरता येईल असा नाडीचा सुती बटवा ही पहिल्या कामासाठी फार योग्य वस्तू आहे, असे माझे मत आजही आहे. गोल तळ, सरळ भिंत आणि नाडीची भोके एवढ्यात विणणारीला वाढ करणे, मोजणे आणि टाके सोडून जाळी धरणे या तिन्ही गोष्टी येतात, कुठेही तुकडे जोडावे लागत नाहीत आणि शेवटी प्लॅस्टिकच्या पिशवीच्या जागी रोज वापरता येईल अशी वस्तू हाती येते. आपल्या किटमधून मात्र गटातल्या कोणाचाही बटवा झाला नाही. त्याचे कारण विणणाऱ्यांच्या हातात नसून आपल्या पुस्तिकेत आहे. ते मी पुढे पुस्तिकेतल्याच आकड्यांच्या आधारे मांडत आहे.

पुस्तिकेत तळापासून काठापर्यंत एकच टाका सांगितला आहे आणि त्याचे नाव सर्वत्र 'डबल क्रोशे' असे छापले आहे. क्रोशेकामात या नावाचे दोन अर्थ चालतात, हे आपल्या तज्ज्ञांना ठाऊक असणारच. अमेरिकी पद्धतीत डबल क्रोशे म्हणजे सुईवर आधी वेढा घेऊन घातलेला उंच टाका, ज्याला आपण खांब म्हणतो, तर ब्रिटिश पद्धतीत त्याच नावाने बुटका टाका, म्हणजे आपला मुका खांब, ओळखला जातो. यांपैकी कोणतीही पद्धत वापरायला माझी हरकत नाही. जगभरच्या चांगल्या नमुन्यांत पहिल्याच पानावर एका ओळीत पद्धत सांगितलेली असते आणि प्रश्न तिथेच मिटतो. आपल्या पुस्तिकेत ती ओळ तर नाहीच, शिवाय तळाच्या सूचना एका पद्धतीने आणि भिंतीच्या सूचना दुसऱ्या पद्धतीने लिहिलेल्या आहेत.

याचा पुरावा आपल्याच मापांत आहे. तळाच्या ६ फेऱ्यांत व्यास १२ सेंमी होईल असे पुस्तिका सांगते, म्हणजे एका फेरीची उंची १ सेंमी धरली आहे. भिंतीच्या ४० फेऱ्यांची उंची मात्र २० सेंमी दिली आहे, म्हणजे तिथे एक फेरी अर्ध्या सेंटिमीटरची होते. एकाच सुताने, एकाच सुईने घातलेला एकच टाका तळात १ सेंमी आणि भिंतीत अर्धा सेंमी उंच भरू शकत नाही. तळात खांब अभिप्रेत आहे, भिंतीत मुका खांब अभिप्रेत आहे आणि दोघांना एकच नाव दिले आहे. दोन वेगवेगळ्या नमुन्यांतील मजकूर न तपासता एकत्र केल्याशिवाय असे घडणे मला शक्य वाटत नाही.

नवशिक्या व्यक्तीवर याचा काय परिणाम होतो तो मी सविस्तर लिहिते, कारण आपल्या कार्यालयाने नेमका हाच भाग क्षुल्लक ठरवला आहे. सपाट गोल विणताना दर फेरीला किती टाके वाढवायचे हे टाक्याच्या उंचीवर ठरते. मुक्या खांबाची उंची आणि रुंदी जवळपास सारखी असल्यामुळे वर्तुळाचा घेर प्रत्येक फेरीला सुमारे सहा टाक्यांनी वाढावा लागतो. खांब त्याच्या जवळपास दुप्पट उंच असल्याने तिथे वाढही बारा टाक्यांची लागते. आपल्या पुस्तिकेत सुरुवात १२ टाक्यांनी केली असून पुढे २४, ३६, ४८, ६० आणि ७२ असे आकडे दिले आहेत, आणि खांबासाठी ते अगदी बरोबर आहेत. परंतु टाका शिकवणाऱ्या पानावरच्या चित्रात सुई टाक्यात घालून दोरा ओढायचा आणि पुन्हा दोरा घेऊन दोन्ही कड्यांतून एकदम काढायचा, असे दाखवले आहे. तो मुका खांब आहे. ज्या विद्यार्थिनींनी चित्राप्रमाणे निष्ठेने विणले, त्यांच्या तळाला तिसऱ्या फेरीपासूनच झालरीसारख्या लाटा आल्या आणि तो टेबलावर सपाट बसेना. ज्यांना घरातल्या कोणीतरी अमेरिकी पद्धतीचा टाका आधी दाखवला होता, त्यांचा तळ छान सपाट झाला, पण भिंत ठरलेल्या उंचीच्या दुप्पट होण्याच्या वाटेला लागली आणि अर्ध्यातच सूत संपले. म्हणजे सूचना जशीच्या तशी पाळणारी अडली आणि स्वतःच्या माहितीवर चालणारीही अडली.

ही अडचण मी आपल्या ग्राहक सेवेला छायाचित्रांसह कळवली होती. त्यावर "नवशिक्यांच्या हाताचा ताण सारखा नसतो, सरावाने काम सुधारेल" या आशयाचे उत्तर आले. या उत्तराला माझा स्पष्ट आणि तीव्र आक्षेप आहे. हाताचा ताण कमीजास्त झाला तर टाका थोडा घट्ट किंवा सैल पडतो आणि तळ काही मिलिमीटरने लहानमोठा होतो. दर फेरीला दुप्पट वाढ केल्याने पडणाऱ्या लाटा कोणत्याही ताणाने जात नाहीत आणि कितीही सराव केला तरी जाणार नाहीत. अनुभवी व्यक्ती नमुन्यातली चूक ओळखते, ती मनातल्या मनात दुरुस्त करते आणि पुढे जाते. नव्याने शिकणारीजवळ ती कसोटी नसते. छापील पुस्तिका बरोबरच असणार असे ती गृहीत धरते आणि उसवून पुन्हा विणते, पुन्हा तेच झाले की आपल्याला हे जमत नाही असा निष्कर्ष काढते. माझ्या गटातल्या एका अत्यंत नीटस हाताच्या विद्यार्थिनीने हाच निष्कर्ष काढून सुई खाली ठेवली होती. तिच्या फेऱ्या मी मोजल्या, तेव्हा त्यांत एकाही टाक्याची चूक नव्हती. आपल्या उत्तराने तिच्या चुकीच्या समजुतीवर कंपनीची मोहोर उमटवली, म्हणून ते उत्तर लेखी मागे घेतले जावे अशी माझी मागणी आहे.

नाडीच्या भोकांच्या फेरीतही हिशेब चुकला आहे. ७२ टाक्यांच्या घेरावर "३ टाके विणा, २ साखळ्या घाला, २ टाके सोडा" हा क्रम पुन्हा पुन्हा करायला सांगितले आहे. साखळ्या, म्हणजे दोऱ्याच्या ओवलेल्या कड्या, सोडलेल्या दोन टाक्यांच्याच जागी येतात, म्हणून हा क्रम पाच टाक्यांचा आहे, तो चौदा वेळा केल्यावर ७० टाके होतात आणि दोन टाके उरतात. त्यांचे काय करायचे याबद्दल पुस्तिकेत एक शब्द नाही. "२ टाके विणा, २ साखळ्या घाला, २ टाके सोडा" असा चार टाक्यांचा क्रम ठेवला असता तर बरोबर १८ भोके झाली असती. भोकांची संख्या सम असणे इथे सोयीचेही असते, कारण बाहेरून आत घातलेली नाडी आतबाहेर होत पूर्ण फेरा घेऊन पुन्हा बाहेरच येते आणि तिची दोन्ही टोके एकाच बाजूला बांधता येतात. पहिल्या भोकातून एक नाडी आणि समोरच्या दहाव्या भोकातून दुसरी नाडी ओवली की दोन्ही बाजूंनी ओढून बटव्याचे तोंड नीट मिटते. पुस्तिकेतील नाडी नुसत्या साखळीची आहे. सुती साखळी ओझ्याने लांबत जाते, म्हणून साखळी पूर्ण झाल्यावर तिच्यावरून स्लिप स्टिचची, म्हणजे उंची न वाढवणाऱ्या सरकत्या टाक्याची, एक परतीची ओळ घालण्यास सांगितले असते तर ती पुष्कळ टिकाऊ झाली असती. ही मी चूक म्हणत नाही, उणीव म्हणते.

सुईवर केवळ "८" हा आकडा कोरलेला आहे आणि पुस्तिकेतही "८ नंबरची सुई" एवढेच लिहिले आहे. जुन्या ब्रिटिश क्रमांकांत ८ म्हणजे ४ मिमी आणि अमेरिकी क्रमांकांत एच-८ म्हणजे ५ मिमी. सुया मोजण्याच्या भोकांच्या पट्टीत घालून पाहिल्यावर आपली सुई ५ मिमीची निघाली. भिंतीच्या मापांवरून हिशेब केला तर १० सेंमी रुंदीत सुमारे १९ टाके आणि १० सेंमी उंचीत २० ओळी बसायला हव्यात. दिलेल्या सुताने ५ मिमीच्या सुईवर विणले की टाके विरळ पडतात, माप जुळत नाही आणि बटव्याच्या कापडातून पलीकडचे दिसते. सुईचे माप मिलिमीटरमध्ये छापले असते तर हा घोळ झालाच नसता.

आता सुताविषयी. खोक्यावर "शंभर टक्के सुती" असे ठळक अक्षरांत लिहिले आहे. धागा हाताला निसरडा आणि फार चमकदार लागला. तेवढ्यावरून मी शंका घेतली नाही, कारण जॉन मर्सर यांनी १८४४ मध्ये शोधलेल्या आणि पुढे धाग्याला ताण देऊन विकसित झालेल्या कॉस्टिक सोड्याच्या प्रक्रियेने अस्सल सुतालाही चमक येते, आणि मर्सराइज्ड सूत मी स्वतः आवडीने वापरते. म्हणून धाग्याचा छोटा तुकडा चिमट्यात धरून पाण्याच्या भांड्यावर जाळून पाहिला. कापूस जळताना कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राखाडी राख उरते. आपला धागा ज्योतीपासून आक्रसत वितळला आणि टोकाला कडक काळी गोळी झाली. त्यात कृत्रिम तंतू आहेत याबद्दल माझ्या मनात संशय उरलेला नाही. किती प्रमाणात आहेत हे घरच्या चाचणीतून सांगता येत नाही, ते आपण प्रयोगशाळेतून तपासून मला कळवावे. ज्यांनी प्लॅस्टिक टाळण्यासाठी सुती बटवा विणायला घेतला, त्यांच्या हाती कृत्रिम तंतूंचा धागा देणे, ज्याच्यातून प्रत्येक धुण्यात सूक्ष्म तंतू पाण्यात जाऊ शकतात, ही मला या सगळ्या प्रकरणातील सर्वांत दुःखद गोष्ट वाटते. नमुन्यातली चूक निष्काळजीपणातून झाली असे मी मानू शकते, पण खोक्यावरचा दावा कोणीतरी विचारपूर्वक छापलेला असतो.

सुताच्या वेष्टनावर वजन आहे, लांबी नाही. वजनावरून विणणारीला फारसे काही कळत नाही, कारण ५० ग्रॅम बारीक सूत दीडशे मीटरच्या पुढे जाते आणि जाड सूत तेवढ्याच वजनात शंभर मीटरच्या आसपास संपते. रंगाईचा लॉट क्रमांकही छापलेला नाही, त्यामुळे सूत कमी पडल्यावर आम्ही त्याच रंगाचा जो गुंडा मागवला तो वेगळ्या छटेचा आला आणि बटव्यावर सरळ पट्टा दिसू लागला.

गटाचे काम थांबू नये म्हणून मी स्वतः नमुना दुरुस्त करून दिला. सबंध बटवा मुक्या खांबातच ठेवला. दोऱ्याच्या कडीत ६ मुके खांब घालून सुरुवात केली, दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन घालून १२ केले आणि पुढे दर फेरीला सहा टाके वाढवत बाराव्या फेरीत ७२ वर आणून थांबवले. वाढी एकाखाली एक आल्या की तळ षट्कोनी दिसतो, म्हणून त्या फेरीगणिक थोड्या सरकवल्या. प्रत्येक फेरीच्या पहिल्या टाक्यात खुणेची पिन लावायची आणि फेरी संपताच टाके मोजायचे, ही सवय पहिल्या दिवसापासून लावली. भिंतीची पहिली फेरी टाक्याच्या फक्त मागच्या कडीतून घेतली की तळ आणि भिंत यांच्यामध्ये स्वच्छ कड येते. साध्या सुती धाग्यावर आणि ४ मिमीच्या सुईवर हे बटवे आता पूर्ण होत आले आहेत. त्याच विद्यार्थिनी, तेच हात आणि तोच ताण आहे, याची आपल्या विभागाने नोंद घ्यावी.

तेव्हा आपल्याकडे माझी मागणी अशी आहे की, सध्याच्या पुस्तिकेसह या किटची विक्री दुरुस्ती होईपर्यंत थांबवावी आणि ज्यांनी ते आधीच घेतले आहे त्या सर्वांना दुरुस्त पुस्तिका कोणतेही शुल्क न घेता पाठवावी. तिच्यात पद्धत कोणती, प्रत्येक फेरीअखेर टाके किती, १० सेंमीच्या चौरसात टाके व ओळी किती आणि सुई किती मिलिमीटरची, हे असलेच पाहिजे. छापण्यापूर्वी ती पुस्तिका क्रोशेकाम न येणाऱ्या दोघाचौघांकडून प्रत्यक्ष विणून घ्यावी. कारण जाणकाराच्या डोळ्यांतून निसटलेली चूक त्यांच्या हातात लगेच सापडते. माझ्या गटाच्या किटमधील सूत खरोखर सुती असलेल्या, लांबी व लॉट क्रमांक छापलेल्या सुताने बदलून द्यावे, सुया ४ मिमीच्या द्याव्यात, आणि ते शक्य नसेल तर संपूर्ण रक्कम परत करावी. खोक्यावरील "शंभर टक्के सुती" हा दावा तपासणी पूर्ण होईपर्यंत काढून टाकावा.

दुरुस्त केलेला नमुना आपल्याला वापरायचा असेल तर तो मी विनामोबदला देईन, त्यासाठी माझे नाव छापण्याचीही गरज नाही. लाटा आलेला एक तळ, जळालेल्या टोकासह धाग्याचा नमुना, सुईच्या मोजमापाचे छायाचित्र आणि पुस्तिकेच्या चुका अधोरेखित केलेल्या पानांच्या प्रती या पत्रासोबत पाठवत आहे. या वेळचे उत्तर साच्यातले न येता वरील आकडे प्रत्यक्ष तपासलेल्या व्यक्तीकडून लेखी मिळावे, ही विनंती.

आपली,
एक ग्राहक व क्रोशे शिक्षिका