लोणार, दोन आकडे आणि आमचा रायटिंगचा क्लास

प्रिय पल्लवी,

परवा तू म्हणालीस की पुढच्या सेमला तुम्हालाही रायटिंगचा पेपर आहे आणि सायन्सच्या लेखाची समरी लिहायची म्हटलं की टेन्शन येतं, तेव्हा घाईत नीट सांगता आलं नाही म्हणून सविस्तर लिहितेय. मला हा क्लास मनापासून आवडतोय गं.

मॅडमनी आम्हाला लोणार दिलं होतं. आपल्याला वाटतं त्यात काय नवीन, बुलढाण्यातलं खाऱ्या पाण्याचं सरोवर, उल्का पडली, खड्डा झाला, संपलं. पण उल्काच पडली हे कशावरून? हा प्रश्न आधी मार्जिनमध्ये लिहायचा आणि मग वाचायला घ्यायचं, असं मॅडमचं म्हणणं. 1973 साली ‘सायन्स’ या जर्नलमध्ये लोणारवर पेपर आला, त्यात मास्केलिनाइटचा पुरावा आहे, म्हणजे खडकातलं फेल्डस्पार नावाचं खनिज प्रचंड दाबाच्या धक्क्याने काचेसारखं होतं आणि एवढा दाब ज्वालामुखीत तयारच होत नाही. प्रश्न डोक्यात ठेवून वाचलं ना की असलं जडजड नावसुद्धा लक्षात राहतं, कारण ते उत्तर म्हणून समोर येतं.

खरी गंमत वयात आहे. एका अभ्यासात विवराचं वय सुमारे 52,000 वर्षं, तर 2011 च्या पेपरात सुमारे 5,70,000! दहापटीहून जास्त फरक. नुसतं हायलायटर फिरवत गेलं तर दोन्ही आकडे पिवळे होतात आणि समरीत कुठला तरी एक जातो. आम्ही वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली, डावीकडे लेखक काय म्हणतात, उजवीकडे ते कशावरून म्हणतात. मग दिसलं की पहिल्यांनी आघातात वितळून झालेली काच तापवून, तिच्यात साठलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते तो प्रकाश मोजला, दुसऱ्यांनी काचेत पोटॅशियमपासून तयार होऊन साठलेला आर्गॉन वायू मोजला. आता साठलेली ऊर्जा काचेतून हळूहळू निसटली असेल तर पहिलं वय कमी दिसणार, आणि तिथल्या साडेसहा कोटी वर्षं जुन्या बसाल्ट खडकातला आर्गॉन काचेत उरला असेल तर दुसरं जास्त दिसणार. म्हणून समरीत आकड्याबरोबर पद्धत आलीच पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही, मला हे अगदी पटलंय.

आणि लिहिताना लेख बंद. उघडा ठेवला की त्यांचीच वाक्यं थोडे शब्द फिरवून आपल्या वहीत उतरतात आणि आपल्याला वाटतं समजलं. बंद करून पाच-सहा वाक्यं लिही, जिथे अडशील तिथलाच भाग परत वाच, आकडे मात्र शेवटी लेखाशी ताडून बघ. अॅबस्ट्रॅक्टवरून समरी करायच्या फंदात पडू नकोस, शंका आणि मर्यादा बहुतेक वेळा डिस्कशनमध्ये असतात, तिथे निवांत थांब.

सुरुवातीला तू गुलाबी पाण्याचं घे. जून 2020 मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा आधी शेवाळाचा अंदाज होता, पण पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून हॅलोआर्किया, म्हणजे खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव, कारण असल्याचं सांगितलं. त्यावरचं जे मिळेल ते वाच आणि एवढंच शोध की शेवाळ नव्हे हे त्यांनी कशावरून ठरवलं. लिहून झालं की फोटो पाठव, समरीचा आणि मधे रेघ मारलेल्या पानाचा पण. काकूंना नमस्कार सांग.

तुझीच,
मेघा