सांडोयच्या बोगद्यात भेटलेल्या काकांचे आभार

फेरो बेटांवर सांडोयला जाताना समुद्राखालच्या बोगद्यातच आमची भाड्याची गाडी चढावर बंद पडली. बोगदा १०.८ किलोमीटरचा, आणि सोबत आई. मागून आलेल्या एका काकांनी दिवे लुकलुकत ठेवून आपली गाडी आमच्या मागे उभी केली आणि फोनवर त्यांच्या भाषेत सगळं समजावून मदत मागवली. आईला स्वतःच्या गाडीत हीटरपाशी बसवलं, अंगातला लोकरीचा स्वेटर काढून तिच्या गुडघ्यांभोवती नीट खोचला. मदत येईपर्यंत जागचे हलले नाहीत. डिसेंबर २०२३ पर्यंत इथे फेरीबोटच होती, वादळात तीही बंद, हे त्यांनीच सांगितलं. (भारी गप्पिष्ट!) नाव मात्र सांगितलं नाही. काका, मनापासून धन्यवाद. आईने स्वेटर परत केला खरा, पण अगदी नाइलाजाने.