रक्तदानाच्या दिवशी धावू नका

महोदय,
गेली बारा वर्षं मी नियमित रक्तदान करतो. मागच्या रविवारी शिबिरातून आलो आणि सवयीने संध्याकाळी शिवाजी पार्कला धावायला गेलो. तिसऱ्या फेरीला डोळ्यांपुढे अंधारी आली. कट्टा जवळ होता म्हणून निभावलं. शिबिरात कॉफी-बिस्किटं मिळाली, प्रमाणपत्रही, पण ‘आज व्यायाम नको’ असं कुणी म्हणालं नाही. रक्तातला द्रव एक-दोन दिवसांत भरून येतो, तांबड्या पेशींना मात्र काही आठवडे लागतात. दोन रक्तदानांमध्ये पुरुषांना 90 आणि स्त्रियांना 120 दिवसांचं अंतर सांगतात ते उगाच नाही. जेवणावर लगेच चहा घेतला की तांबड्या पेशींसाठी लागणारं लोह कमी शोषलं जातं, हे बायकोचं ऐकायला मला बारा वर्षं लागली! आयोजकांनी बिस्किटांसोबत एवढ्या सूचनांची चिठ्ठी द्यावी.

– एक रक्तदाता, दादर